सासूचं नाव

‘रणधीरची कावीळ उतरली का? मी रोज प्रार्थना करतो आहे. या वर्षीही येणं राहिलं याचं वाईट वाटतं. आधी तुमच्याकडचा पूर, मग इरेनाचं पोटाचं ऑपरेशन आणि आता ही कावीळ. देवाची इच्छा!’

कार्ड इंग्रजीत होतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डहून माझ्या नावावर आलेलं. मी ते दारातच उभी राहून दोनदा वाचलं. आत माझा नवरा, रणधीर, कारखान्याला जाण्यापूर्वी भाकरी-अंडं खात बसला होता. एकदम ठणठणीत. आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते, तेवढ्यात त्याला साधी सर्दीही झाली नव्हती.

“अहो, तुम्हाला कावीळ कधी झाली होती?”

“मला? कधीच नाही. का गं?”

“सहज. आणि आत्यांचं पोटाचं ऑपरेशन?”

“आईचं? तिनं आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलेली नाही, माझ्या वेळचं बाळंतपण सोडून. तुला झालंय काय सकाळी सकाळी?”

मी कार्ड पदराआड धरलं.

ही १९७५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. कोल्हापुरात इंगवल्यांची सून म्हणून मी आले, तेव्हा माझ्यापेक्षा तिचीच चर्चा जास्त झाली होती, कारण ती गोरी, निळ्या डोळ्यांची पोलिश बाई होती. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहायला आले होते. त्यातली ही इरेना. छावणीत वायरमनचं काम करणारे माझे सासरे दत्ताजीराव हिच्या प्रेमात पडले. युद्ध संपलं, बाकीचे निघून गेले, ही राहिली. लग्नात नाव बदललं आणि इरेनाची इरावती झाली. मी आले तेव्हा सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. आत्या पाचवारी नेसायची, घरामागच्या जागेत रोपवाटिका चालवायची आणि गल्लीतल्या बायकांपेक्षा रांगडी मराठी बोलायची. कार्ड पाठवणारे स्तेफानमामा हे तिचे थोरले भाऊ. पोलंडच्या सैन्यातून ते इंग्लंडला गेले, तिथल्या गिरणीत लागले आणि तिथंच एकटे राहिले. वडील युद्धाच्या सुरुवातीलाच गेलेले. आई आणि धाकटी बहीण यांना ते वीस वर्षांचे असताना सोडून गेले होते. आई वाटेत तेहरानला वारली. बहीण तेवढी वाचली.

दुपारी शाळेत शिकवून आल्यावर मी परसात गेले. आत्या पिशव्यांत माती भरत होती.

“आत्या, रणधीरना कावीळ झाली असं मामांना कुणी कळवलं?”

तिचा हात थांबला नाही. “कुनी न्हाई. त्येला पोलिश नीट वाचाय येत न्हाई आता. काय तरी भलतंच वाचलं आसंल.”

मामा दर तीन महिन्यांनी पोलिशमध्ये चार-चार पानं लिहायचे, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात. त्या माणसाला पोलिश वाचता येत नाही?

तिथून माझं लक्ष तिच्यावरून हटलं नाही.

आधीही काही गोष्टी खटकल्या होत्या, पण नव्या सुनेनं विचारायच्या कशा? मामांचं पत्र आलं की आत्या आम्हाला वाचून दाखवायची. चार पानांतून दोन वाक्यं निघायची, ‘बरा हाय. थंडी लई हाय म्हनतोय.’ उत्तर लिहायला बसण्यापूर्वी ती खोलीचं दार लोटून जुनी पत्रं काढायची आणि ओठ हलवत वाचत राहायची. माझ्या शाळेतल्या मुली परीक्षेआधी वाचतात, तशी.

आणि मे महिन्यात एकदा मी वांग्याची रोपं वाफ्यात लावायला काढली, तर ती सहज म्हणून गेली होती, “थांब की. झोशा सरू दे, मग लाव.”

“झोशा कोण?”

तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उन्हानं चक्कर येते आहे. “कुनी न्हाई. आमच्या तिकडचं काय तरी,” म्हणाली आणि आत गेली.

ते नाव माझ्या डोक्यात राहिलं होतं. कार्ड आल्यावर मी एका शनिवारी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन युरोपातल्या नावांचा जाडजूड कोश काढला. झोशा हे झोफियाचं लाडकं रूप, आणि झोफिया म्हणजे सोफिया. मूळ ग्रीक, अर्थ शहाणपण. फ्रान्समध्ये सोफी, रशियात सोफ्या. खाली या नावाच्या बायकांची रांगच होती. दोन लहान भावांच्या नावानं रशियाचा कारभार हाकणारी सोफिया. जिच्या वंशात इंग्लंडची गादी गेली ती हॅनोव्हरची सोफिया. गणितात डॉक्टर झालेली रशियन सोफ्या. आणि तीन मुलींना पुरून त्यांच्या थडग्यापाशी बसून राहिलेली संत सोफिया. तिचा दिवस पंधरा मे. तोवर थंडीची शेवटची लाट येऊन जाते, म्हणून तिकडचे शेतकरी झोशा सरल्यावरच नाजूक रोपं लावतात, असंही त्यात होतं.

म्हणजे साधी गोष्ट होती. आपल्याकडं मृग निघाल्यावर पेरतात, तशी. मग एवढं घाबरायला काय झालं होतं?

आत्याच्या पलंगाखाली एक लाकडी पेटी होती. ‘त्या पेटीला हात लावायचा न्हाई,’ हे तिनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. किल्ली तसबिरीमागं असते हे मला ठाऊक होतं. रविवारी ती चर्चला गेली, रणधीर तालमीत गेला आणि मी पेटी उघडली.

वर पत्रांचे गठ्ठे होते. खाली एक जाड वही. पोलिश मला येत नव्हतं, पण वहीची रीत कळायला भाषा कशाला लागते? डावीकडं तारखा, मामांच्या पत्रांच्या. उजवीकडं चार-सहा शब्द, काहींखाली रेघा. एका पानावर एका घराचा नकाशा काढला होता. विहीर, झाड, चार खाटा, प्रत्येक खाटेवर नाव. खिडक्या खोडून दुसऱ्या भिंतीत काढल्या होत्या. झाडही खोडून विहिरीच्या पलीकडं सरकवलेलं. जिथं लहानपण गेलं त्या घराचा नकाशा कुणी असा चुकत चुकत काढतं का?

वहीखाली प्रार्थनेचं जुनं पुस्तक होतं. पहिल्या पानावर ‘इरेना’ असं नाव. त्याखालचा कागद ब्लेडनं खरवडलेला. खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, तेव्हा खरवडलेली अक्षरं दिसली. झोफिया.

पेटी मी होती तशी लावून ठेवली. ही बाई कोण होती? खऱ्या इरेनाचं हिनं काय केलं? मी कुणाच्या घरात आले होते?

रात्री जेवताना मी रणधीरजवळ नुसता विषय काढला. “आत्या मामांना येऊ का देत नाहीत हो?”

“आईचं आणि तिच्या भावाचं काय असेल ते असेल. तू कशाला नाक खुपसतेस?”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी मामांच्या कार्डाला उत्तर लिहिलं आणि पोस्टात टाकलं. रणधीरला सांगितलं नाही.

जानेवारीत मुंबईहून तार आली. ‘परवा सकाळी पोचतो. स्तेफान.’

आत्यानं तार माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. “परवा? मंजी परवा?”

“हो.”

“त्येनं आधी कसं कळवलं न्हाई?”

“काय माहीत,” मी म्हणाले.

त्या दोन दिवसांत तिनं रोपांना पाणी घातलं नाही. दार लोटून वही घेऊन बसली. मी दारावरून जाता-येता पुटपुटणं ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला चेव आला होता. पकडलंच आता, असं वाटत होतं.

मामा सत्तावन्न वर्षांचे, उंच, वाकलेले होते. स्टेशनवर ते आत्याकडं नुसते बघत राहिले. मग तिला मिठी मारून मोठ्यानं रडले. तीही रडली. रणधीरनं डोळे पुसले. मी मामांची पेटी धरून उभी होते आणि मिठीतून सुटल्यावर ते आत्याच्या तोंडाकडं पुन्हा कसं निरखून बघतात, ते बघत होते.

पहिले दोन दिवस ते विचारत गेले आणि ती सांगत गेली. मला वगळलंय असं वाटू नये म्हणून मामा मध्येच इंग्रजीत सांगायचे, “मी विचारलं, आपल्या कुत्र्याचं नाव काय होतं. तिनं बरोबर सांगितलं.” बाबांचं घड्याळ कुठल्या खिशात असायचं, आईची कुठली शाल जळली, सगळं बरोबर. प्रत्येक उत्तरानंतर मामा हसायचे. हसणं डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही तिघं मागच्या पडवीत चहा घेत होतो. मामांनी काही विचारलं. आत्या हसली, मान डोलावून बोलू लागली. हातानं दोर ओढल्यासारखं करून दाखवलं. मामांनी कप खाली ठेवला.

“मी तिला विचारलं,” ते मला इंग्रजीत म्हणाले, “आपली पांढरी शेळी विहिरीत पडली होती, आठवतं का? ती म्हणते, हो, बाबांनी दोर टाकून काढली.” ते अंगणाकडं वळले. “आमच्या घरी शेळी नव्हती. कधीच नव्हती.”

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. पण तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं.

“काय म्हनाला त्यो?”

मी कपबश्या गोळा करू लागले.

“शैला, काय म्हनाला?”

इतके महिने या क्षणाची वाट पाहिली होती. आता मी तिच्याकडं न बघता सांगितलं.

“म्हणाले... तुमच्या घरी शेळी नव्हती.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. मांडीवर हात ठेवून बसली आणि पोलिशमध्ये बोलू लागली. हळू, न थांबता. मला दोनच शब्द कळले. इरेना, आणि बऱ्याच वेळानं, झोशा. ती थांबली तेव्हा मामांनी कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडं सरकवला.

माझं पत्र.

‘घरात कुणालाही कावीळ झालेली नाही. ऑपरेशनही नाही आणि आमच्या गल्लीत पूरही नाही. तुम्ही आधी न कळवता या. आणि आल्यावर त्यांना असं काही विचारा, जे पत्रात कधीच लिहिलेलं नाही.’

आत्याला ते वाचता येत नव्हतं. पण रोपांच्या पाट्यांवर इंग्रजी नावं मीच तिला लिहून द्यायची. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. तिनं कागद उचलला, बघितला आणि परत ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मामा पेटी घेऊन स्टेशनजवळच्या लॉजवर गेले.

रणधीर कामावरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, पत्रासकट. तो म्हणाला, “तू?” एवढंच. मग आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“आई, तू कोण हायस?”

“तुजी आई,” आतून आवाज आला. “त्यात काय खोटं न्हाई.”

पुढचे दोन दिवस दाराची कडी वाजली की पोलीस आले असं मला वाटायचं. खोट्या नावावर तिचे सगळे कागद झालेले. मामा तक्रार करतील? तिला या वयात कुठं पाठवतील? हे सगळं मी आधी का मनात आणलं नाही?

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मामा आले. सरळ परसात गेले आणि तिच्यासमोर मातीच्या ढिगावर बसले. मी चहा ठेवून आले. दुसऱ्यांदा चहा घेऊन गेले तेव्हा ती वही त्यांच्या मांडीवर होती. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दोघांचेही डोळे सुजले होते आणि पहिला चहा तसाच होता. एक वाजता मामा उठले. तिचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

दिवेलागणीला तिनं मला हाक मारली. परसातच बसली होती.

“बस. तुला ऐकायचं हुतं न्हवं? ऐक.”

मी बसले.

“रशियानं आमाला उचलून थंडीच्या मुलखात नेलं. मी, माझी आई. आई पयल्याच वर्सी गेली. शेजारच्या खाटंवर इरेना अन् तिची आई. आमी दोघी पोरी एका वयाच्या. मग सुटायची वेळ आली तवा म्हनले, ज्यांच्या घरचा मानूस आपल्या सैन्यात हाय त्यांनाच गाडीत घेनार. यादीत दोन नावं. इरेना अन् तिची आई. स्तेफान सैन्यात, म्हनून. माझं कोन सैन्यात? कोनच न्हाई. तरी मी त्यांच्या मागनं स्टेशनपतूर गेले. तितं इरेनाला ताप चढला. दोन दिवसांत, पाटेला, गेली. सकाळी नावं पुकारली तवा त्या बाईनं माझा हात धरला अन् म्हनली, ही माझी इरेना.”

“तुम्हाला वाचवायला.”

“मला वाचवाय न्हाई. जागा फुकट जाऊ नये म्हनून. माझ्याकडं बघितलं बी न्हाई तिनं. तेहरानला ती बी मेली. मग मी इतं आले, अन् छावनीत स्तेफानचं पत्र आलं. देवाचे उपकार, तू तरी जित्ती हायस म्हनून. मी पंध्रा वर्सांची. काय लिवू त्येला? न्हाई, मी बी मेली, आसं लिवू?”

मी समोरची रिकामी पिशवी उचलून सरळ करू लागले.

“मग एकाचं दुसरं झालं. त्यो आठवन काडायचा, मी वहीत लिवून ठेवायची. लग्न झालं, पोरगं झालं. तुज्या सासऱ्याला बी सांगितलं न्हाई.”

“आज मामांनी काय विचारलं?”

ती बोटांतली माती काढू लागली. “म्हनला, शेवटाला तिनं माझं नाव घेतलं का. मी म्हनलं, न्हाई. पानी मागत हुती. अन् माझ्या पायातलं बूट मागत हुती. तिचं चोरीला गेलं हुतं, पाय गार पडलं हुतं.”

“मग?”

“दिलं न्हाई.”

मी तिच्याकडं पाहिलं.

“मला बी थंडी वाजत हुती, शैला. मी दिलं न्हाई. ती मेली तवा बूट माझ्याच पायात हुतं. हे त्येला सांगितलं. तवा त्यो लई रडला. मग म्हनला, आता पटलं. हे कुनी खोटं सांगनार न्हाई. म्हनला, तिच्याजवळ शेवटाला कोन हुतं हे मला ठाऊकच न्हवतं, तू हुतीस.”

मामा पुढं बारा वर्षं, मरेपर्यंत, लिहीत राहिले. पत्रं पूर्वीइतकीच जाड असायची. आत्या त्यातली दोन वाक्यंसुद्धा आम्हाला सांगेनाशी झाली. पेटीचं कुलूप राहिलंच, फक्त किल्ली तसबिरीमागं नसायची. माझ्याशी ती वाईट वागली नाही, पण रोपांच्या पाट्या ती रणधीरकडून लिहून घ्यायला लागली. माझ्या अक्षरातली एकही पाटी नंतर परसात दिसली नाही.

पण त्या संध्याकाळी, मी उठू लागले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

“तू केलंस ते चांगलं केलं न्हाईस. मी माफ केलं आसं म्हननार न्हाई.”

“हो, आत्या.”

“आता एक कर. माझं नाव घे.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सासूचं नाव सुनेनं तोंडावर घ्यायचं? आमच्या माहेरी आई आजीचं नाव कागदावर लिहितानासुद्धा पदर डोक्यावर घ्यायची.

“आत्या, मी कसं—”

“पस्तीस वर्सं झाली, मला माझ्या नावानं कुनी हाक मारली न्हाई. स्तेफाननं बी मारली न्हाई, त्येच्या तोंडातनं निघंना. तुला ते नाव ठाऊक हाय. तूच हुडकून काडलंयस. घे.”

मी पदर डोक्यावर घेतला.

“झोशा.”

“आसं न्हाई. मास्तरनीगत म्हनू नको. शेवट मऊ कर. लांबनं हाक मारल्यागत.”

मी पुन्हा म्हटलं. तिनं डोळे मिटून मान हलवली, अजून नाही. अंधारत आलं होतं, शेजारच्या घरात दिवा लागला होता, आणि मी माझ्या सासूसमोर मातीत बसून तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, हाक मारली.

“ओ,” ती म्हणाली.